मऊ हिरवळीचं दुखणं

हिरवळ मऊ होती, यात वादच नव्हता. इतकी मऊ, की क्लबात नवीन आलेला माणूस पहिलं पाऊल टाकताच थबकायचा आणि पायाखाली कुणी झोपलं तर नाही ना, असं वाकून बघायचा. मग एखादा जुना सभासद छाती काढून सांगायचा, "घाबरू नका. आमच्या हिरवेबुवांची करामत आहे. गादी आहे, गादी!"

हिरवेबुवा म्हणजे क्लबाचे जुने माळी. त्यांचा उभा जन्म या चौकोनी तुकड्यावर गेला. चारी बाजूंनी उथळ चर, मध्ये सपाट गवत, आणि त्या गवतावरून पिकल्या केसांची माणसं जड गोळे घरंगळत सोडायची. ज्याचा गोळा पलीकडच्या टोकाला ठेवलेल्या छोट्या पांढऱ्या चेंडूला जास्त बिलगेल, तो जिंकला. खेळ इतका सौम्य, की घाम यायच्या आत चहाची वेळ व्हायची.

हिरवेबुवा निवृत्त झाले आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या सुनेच्या कमरेला आला. ती रोपवाटिकेत काम करून आलेली. हात चटपटीत, जीभ त्याहून. ती त्यांना मामंजी म्हणायची, म्हणून आपणही मामंजीच म्हणू. क्लबातले सगळे तिला सूनबाई म्हणायचे. "लग्न एका घरात केलं," ती म्हणायची, "आणि सासरे मात्र आख्ख्या क्लबभर मिळाले."

किल्ल्या दिल्या, पण पाण्याची नळी काही मामंजींच्या हातून सुटली नाही. उजाडलं की नळी, दिवस कलला की नळी. थोडं थोडंच पाणी, पण दोन्ही वेळा. "लेकराला घोट घोट पाजावं," म्हणायचे, "एकदम पाजलं तर ठसका लागतो." दर आठवड्याला खताची मूठ ठरलेली, कारण गवत त्यांना सदा 'उतरलेलं' दिसायचं. कापणीचं म्हणाल, तर पातं चालवायला त्यांचा जीव होत नसे. आज नको, उद्या बघू, असं करता करता गवत रानासारखं वाढायचं. सभासद कुरकुरले, की मग मामंजी मन घट्ट करून एकाच दिवशी सगळी हजामत उरकायचे. एवढं कापल्यावर गवत पिवळं पडायचंच. आणि पिवळं पडलं म्हणून पुन्हा एक मूठ खत.

गांडुळांवरही त्यांची मायाच होती. गांडुळं मातीच्या बारीक ढिगुळ्या वर काढून ठेवतात, त्या गोळ्यांना चिकटतात, म्हणून सभासद नाकं मुरडायचे. दुसरा कुणी असता तर औषध मारून मोकळा झाला असता. मामंजी एकेक गांडूळ अलगद उचलायचे आणि कुंपणापलीकडे शेजारणीच्या भाजीच्या वाफ्यात सोडायचे. "जा बाबांनो, तिकडे सुखानं नांदा."

सासूबाई हे सगळं घराच्या दारातून बघायच्या. माळ्याचं घर क्लबाच्या फाटकाला लागूनच होतं. "एवढा संसार झाला," त्या सुनेला म्हणायच्या, "पण बाई गं, तुला तहान लागली का, असं मला एकदा तरी विचारलं असेल तर शपथ."

सून हसायची आणि चरातला कचरा काढता काढता गुणगुणायची. चाल जुनी, ओवीची. शब्द मात्र हातासरशी सुचतील ते.

मामंजी माझे भोळे । गवताशी बोलती
बोलता बोलता गं । नळी सैल सोडती

*

दुखणं सुरू झालं तेव्हा ते हिरवळीचं आहे असं कुणाला वाटलंच नाही. ज्याला त्याला ते आपलंच वाटलं.

पोस्टमनकाकांचं मनगट म्हणजे क्लबाची शान. जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेलं ते मनगट. गोळा कसा ठरल्या घरी पत्र पडावं तसा पडायचा. एक दिवस त्यांचा गोळा निम्म्या वाटेवर गेला, डुलला आणि बसला. काकांनी गोळ्याकडे बघितलं, मग मनगटाकडे. दुसऱ्या दिवशी मनगटाला पट्टा बांधून आले.

त्यांच्या मागोमाग शिंपीणबाईंचा खांदा गेला. मग कुणाची कंबर, कुणाची नजर. क्लबात खेळापेक्षा दुखण्यांच्या गप्पा वाढल्या. लोक एकमेकांच्या गोळ्या मागून खाऊ लागले. "तुमची निळी द्या हो एक, माझ्या लालनं काही होत नाही." गोळा पुढे जाईना, म्हणून जो तो अंग टाकून ढकलायला शिकला. सोडताना तोंडातून 'हं!' असा हुंकार. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत लाकडं फोडण्याचं काम चाललंय.

"वय झालं," पोस्टमनकाका एका संध्याकाळी सूनबाईंना म्हणाले. पट्टा सोडून त्यांनी बाकावर ठेवला होता. "या हंगामानंतर मी काही येत नाही. बाहेर बसून टाळ्या वाजवायला बोलावलंत तर येईन."

क्लबाच्या अध्यक्षा म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. दवाखाना बंद केला, तरी समोरच्याच्या तोंडात बघायची सवय सुटली नव्हती. कुणी जांभई दिली, की त्या पुढे सरकायच्या. त्यांनी सभा बोलावली. बुटांच्या कपाटांमध्ये खुर्च्या मांडल्या. सभेला एक तरुण विक्रेता आला होता. त्यानं टेबलावर हिरव्या प्लास्टिकच्या गालिच्याचा तुकडा पसरला.

"याला पाणी नको," तो म्हणाला, "खत नको, कापणं नको."

"आणि जीव?" मागच्या भिंतीला टेकलेल्या मामंजींनी विचारलं.

"तोही नको. तेच तर याचं वैशिष्ट्य आहे!"

कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "हिरवेबुवा, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण गोळे चालत नाहीत. हंगाम नुकता सुरू झालाय, आणि तो मध्यावर आला की नदीपलीकडच्या क्लबाशी सामना आहे. तोवर गोळा या टोकापासून त्या टोकाला गेला, तर गवत राहील. नाही गेला, तर हे." त्यांनी तो हिरवा तुकडा बोटानं दाबला. तो जरासुद्धा दबला नाही.

मामंजी घरी आले ते थेट नळीकडे गेले. घाबरलेल्या माणसाला सुचतं ते सवयीचंच. त्या संध्याकाळी त्यांनी दुप्पट पाणी दिलं.

*

दुसऱ्या सकाळी सूनबाईंनी स्वयंपाकघरातली पाव कापायची सुरी उचलली, हिरवळीच्या कोपऱ्यात गुडघे टेकले आणि केकचा कापावा तसा एक तुकडा कापून वर काढला.

वर हिरवी पाती. तळाशी माती. आणि या दोहोंच्या मध्ये, अंगठा उभा धरावा इतका जाड, तपकिरी, चिवट थर. मेलेल्या काड्या, वाळलेली खोडं, जुनी मुळं, सगळं एकमेकांत गुंतून घट्ट झालेलं. या धंद्यात त्याला थॅच म्हणतात. सुनेला तो घोड्याच्या खोगिराखाली घालतात त्या नमद्यासारखा दिसला, आणि तिथून पुढे घरात त्याचं नाव नमदाच पडलं.

जिवंत मुळं त्या नमद्यातच गुंडाळून पडली होती. मातीत उतरलीच नव्हती. कशाला उतरतील? रोज दोन वेळा पाणी वर मिळतंय, आठवड्याला खत वर मिळतंय. खाली मातीत जाऊन कष्ट करायची गरजच काय? खतानं गवत भराभर वाढायचं, भराभर मरायचं. एकदम खरडून कापल्यावर आणखी मरायचं. आणि ते मेलेलं खाऊन त्याची माती करणारी गांडुळं तर कुंपणापलीकडे सुखानं नांदत होती. गोळा चालायचा तो या नमद्यावरून. कुणी पिसांच्या उशीवरून गोटी घरंगळवून बघावी, तसं ते.

ती तुकडा घेऊन आत आली.

"माझी सुरी!" सासूबाई ओरडल्या.

"धुते, आई. आधी हे बघा." तिनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी तुकडा हातात घेऊन बोटांनी दाबला. तो दबला आणि पुन्हा फुगला.

"म्हणजे लाडानं बिघडलंय," त्या म्हणाल्या.

"अगदी तेच. उपाय आहे. गवत विंचरायचं यंत्र मिळतं भाड्यानं. उभी पाती असतात, नमदा ओरबाडून वर काढतं. गवत आत्ता वाढीला लागलंय, केलं तर आत्ताच करायला हवं. पण मामंजींना सांगणार कोण? तुम्ही सांगा ना."

"मी? माझं ऐकून त्यांनी आयुष्यात एकदाच टोपी घातली होती, तीसुद्धा उलटी."

दुपारी नवरा घरी आला. तो बस चालवायचा. तिनं त्याला विचारलं, "तुम्ही बोलाल का मामंजींशी?"

"हे बघ," तो म्हणाला, "मी दोन्ही बाजूंना बघतो आणि मधून गाडी काढतो. बाजू घ्यायला मला परवानाच नाही." आणि ताट घेऊन तो खिडकीशी जाऊन बसला.

तेव्हा तिलाच सांगावं लागलं. जेवणं झाल्यावर तिनं तो तुकडा बशीत घालून मामंजींपुढे ठेवला.

"हे काय?"

"तुमची गादी, मामंजी. आतून अशी दिसते."

मामंजींनी बशी फिरवून फिरवून बघितली. "मग? थंडीवाऱ्यात ऊब राहते त्यानं मुळांना. पांघरूण आहे ते."

"पांघरुणातून पाणी खाली जात नाही. मुळं आळशी झालीत. विंचरून काढायला हवं, मामंजी. सगळं."

"सगळं?"

"टक्कल पडेल थोडे दिवस. मग वर वाळू-माती पसरू, बी टाकू. येईल परत."

"आणि नाही आलं तर?" त्यांचा आवाज चढला. "तो प्लास्टिकवाला टपून बसलाय बाहेर. सामन्याच्या दिवशी टकली जमीन दिसली, की झालं! तू आपल्या हातानं त्याच्या पदरात टाकायला निघालीस हे गवत. मी वाढवलंय ते. तुला किल्ल्या दिल्या त्या राखायला, सोलायला नव्हे!"

त्यांची भीती खोटी नव्हती. गवत परत आलं नाही, तर खरंच सगळं संपणार होतं. पण काहीच केलं नाही, तर ते संपणार हे ठरलेलंच होतं.

*

यंत्र आलं. सूनबाईंनी ते फाटकातून आत ढकललं आणि ती थांबली. हिरवळीच्या बरोब्बर मधोमध खुर्ची टाकून मामंजी बसले होते. डोक्याला मफलर, हातात वर्तमानपत्र, चेहऱ्यावर किल्ला लढवणाऱ्या सरदाराचा भाव. आजूबाजूचं गवत ओलं चमकत होतं. नळीचं काम पहाटेच उरकलेलं.

"मामंजी, उठा ना."

"चालव की तुझं यंत्र. माझ्या अंगावरून चालव."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. सभासद जमले. शिंपीणबाईंनी विणकाम सोबतच आणलं होतं. "खरं तर त्यांचं बरोबर आहे," कुणी म्हणालं. "छे, सूनबाईंचं बरोबर आहे," दुसरं कुणी म्हणालं. पोस्टमनकाका कुणाच्याच बाजूनं बोलले नाहीत. त्यांनी मामंजींना चहा नेऊन दिला, एवढंच. मामंजींनी चहा घेतला आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आणि खुर्ची किंचित डावीकडे कलली.

मामंजींनी बूड सरकवून ती सरळ केली. थोड्या वेळानं ती मागे कलली. त्यांनी पुढे झुकून तोल सावरला, पण पुढचे पायही आता खाली जाऊ लागले होते. मामंजी लढत राहिले आणि मामंजी उतरत राहिले. वर्तमानपत्र हळूहळू गवताला टेकायला लागलं.

"अहो, बुडताय!" सासूबाई दारातून ओरडल्या. "कुणीतरी दोर टाका त्यांना!"

हसू दाबून दाबून सगळ्यांचे चेहरे लाल झाले होते. पोस्टमनकाका धावले, मामंजींना दोन्ही हातांनी धरून उठवलं, आणि सूनबाईंनी खुर्ची उपटली. चारही पायांना तपकिरी नमद्याचे मोजे चढले होते.

मामंजी हसले नाहीत. खुर्चीच्या पायानं पाडलेल्या भोकाशी ते वाकले. कडा हातांनी दूर करून त्यांनी आणखी खाली, मातीपर्यंत बोट घातलं. बोट बाहेर काढून बघितलं. दुसऱ्या भोकात घातलं. तेही बघितलं.

बोटाला कोरडी धूळ लागली होती.

"आत्ताच तर पाजलं," ते पुटपुटले. "पहाटे. भरपूर पाजलं." त्यांनी वर बघितलं, ते सुनेकडेच. "खाली काहीच पोचलं नाही गं."

सूनबाईंनी हातातली खुर्ची आडवी खाली ठेवली.

डॉक्टरीणबाई मात्र खुर्चीच्या पायाला चिकटलेला नमदा नखानं खरवडून बघत होत्या. त्यांचे डोळे चमकले. खूप दिवसांनी खरं तोंड बघायला मिळालं होतं. "हे तर किटण आहे!" त्या म्हणाल्या. "वरून दात पांढरेशुभ्र आणि हिरडीत हे असं. माझ्याकडे अशी माणसं यायची, हसायची झोकात, आणि चावायला गेली की बोंबा मारायची. हिरवेबुवा, हे खरवडायलाच हवं. रक्त येईल थोडं. पण येऊ द्यायचं असतं."

मामंजी उठले. गुडघ्याची माती झटकली. यंत्रापाशी जाऊन त्यांनी त्याच्या दांड्यावर हात ठेवला, पण ते सुरू केलं नाही. सुनेकडे सरकवलं आणि स्वतः भिंतीला लावलेलं दाताळं उचललं.

"तू काढ," ते म्हणाले. "मी गोळा करतो. माझंच आहे ते सगळं."

*

केस विंचरता पोरी । गुंता सुटता सुटेना
हिरव्या डोक्याखालचा । कोंडा काही हटेना

एवढा नमदा निघाला, की क्लबाच्या मागे त्याचा डोंगर झाला. पुढे यंत्र गुरगुरत जायचं, मागे मामंजी दाताळ्यानं ओढत यायचे. उभं विंचरून झालं. सूनबाईंना चेव चढला; तिनं पाती आणखी खाली उतरवली आणि आडवंही विंचरायला घेतलं. चांगल्या माणसाला चेव चढला, की तो थोडा चुकतोच. पलीकडच्या कोपऱ्यात नमद्याबरोबर गवतही सालपटासारखं निघून आलं, आणि नुसती माती उघडी पडली. ती यंत्र बंद करून तिथंच फतकल मारून बसली.

"झालं," ती म्हणाली. "मीच सोललं, मामंजी. तुम्ही म्हणाला होतात तसं."

मामंजींनी कोपरा बघितला. चराच्या पलीकडे, जिथं कुणी खेळत नाही, तिथून त्यांनी सुरीनं गवताचे हाताएवढे तुकडे मुळासकट कापले आणि सुनेनं फाडलेल्या जागी एकेक बसवू लागले. कडेला कड, पात्याला पातं. मधल्या फटीत चाळलेली माती भरायची, अंगठ्यानं दाबायची. शिंपीणबाई विणकाम खाली ठेवून बघत राहिल्या.

"हे तर रफू आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तेही काय बारीक!"

सगळं करून झालं, तेव्हा हिरवळ हिरवळ राहिली नव्हती. खरचटल्यासारखी दिसत होती. पाणी खाली उतरावं म्हणून जमिनीला भोकं पाडली, वाळू-माती पसरली, बी टाकलं. मग मामंजी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, हातात रिकामी बादली घेऊन शेजारणीच्या दारात उभे राहिले.

"काय हो?" शेजारीण म्हणाली.

"ते... माझी गांडुळं. थोडी परत मिळतील का?"

शेजारणीनं कमरेवर हात ठेवले. तिच्या मागे भोपळे असे फुगले होते, की वाफ्यात मावत नव्हते. "म्हणजे तुम्ही टाकत होतात ती! आणि मी समजत होते, माझा हात गुणाचा. सगळ्यांना सांगितलं मी तसं!"

"हात गुणाचाच आहे तुमचा," मामंजी घाईनं म्हणाले. "नाहीतर इतकी राहिली असती का ती?"

शेजारीण विरघळली. बादली भरून तर दिलीच, वर एक भोपळाही दिला.

*

मग सुरू झाली खरी परीक्षा. ती गवताची कमी, मामंजींची जास्त.

बी उगवेपर्यंत सूनबाईंनी वरची माती ओलसर ठेवली. एकदा कोंब धरले, की नळी गुंडाळून ठेवली. "आता तहान लागू द्यायची," ती म्हणाली. "तहान लागली, की मुळं पाणी शोधत खाली जातील. मग एकदाच, पण पोटभर पाजायचं."

"तहान लागली हे कळणार कसं?"

"पाय टाकून बघायचा. पाय उचलल्यावर गवत टुणकन उभं राहिलं, तर मजेत आहे. पावलाचा ठसा तसाच राहिला, तर तहानलंय. हे काम तुमचं, मामंजी. तुम्ही सांगाल तेव्हाच नळी उघडायची."

असं काम मिळाल्यावर मामंजींना नाही म्हणता येईना. सकाळी उठून ते पाऊल टाकायचे, उचलायचे, वाकून बघायचे. गवत उभं राहायचं. ते उदास होऊन परत यायचे. "मजेत आहे," अशा सुरात सांगायचे, जणू घरात कुणी आजारी आहे. एका दुपारी ते पाण्याचा तांब्या सदऱ्याखाली लपवून निघाले आणि सासूबाईंनी त्यांना फाटकातच गाठलं.

"काय आहे पोटाशी?"

"काही नाही. गॅस."

"गॅस डुचमळतोय तुमचा," सासूबाई म्हणाल्या आणि तांब्या काढून घेतला.

सूनबाई आता कापायचीही एक दिवसाआड, जरा जरा, वरचा शेंडा तेवढा. खताच्या पोत्याला गाठ मारून ठेवली होती. यंत्राच्या तालावर तिचं चाललेलं असायचं.

तहान लागू दे गं । मूळ घेऊ दे धाव
अंधारात वसलं गं । गार मातीचं गाव

*

सामन्याच्या दिवशी हिरवळ काही देखणी नव्हती. कुठं गर्द, कुठं फिकट, रफूच्या कोपऱ्यात चौकटी दिसत होत्या. नदीपलीकडचे पाहुणे आले, त्यांच्या कप्तानानं बुटाच्या टोकानं गवत टोकरलं आणि सभ्यपणानं नजर दुसरीकडे वळवली. प्लास्टिकचा विक्रेता मोजपट्टी घेऊन बाकावर येऊन बसला होता. मामंजी चराच्या कडेला उभे होते. हात मागे बांधलेले, एका हातानं दुसरा हात घट्ट धरलेला.

पहिला गोळा पोस्टमनकाकांचा. त्यांनी पट्टा आवळला, अंग मागे घेतलं, आणि 'हं!' करून सोडला.

गोळा गेला. निम्मी वाट ओलांडली. छोट्या पांढऱ्या चेंडूशी आला, त्याच्याशी न बोलता पुढे गेला, आणि तसाच धावत जाऊन पलीकडच्या चरात धपकन पडला.



"गेला!" पोस्टमनकाका ओरडले. "अहो, चरात गेला! माझं मनगट शाबूत आहे!" आणि त्यांनी पट्टा सोडून हवेत भिरकावला.

शिंपीणबाईंचा गोळाही चरात. त्यांच्या पुढच्याचाही. इतके दिवस गादीवरून ढकलायची सवय झालेले हात. जोर कमी करायचा म्हटलं तरी होईना. घरच्या क्लबाचे गोळे एकामागून एक, बदकं तळ्यात उतरावीत तसे चरात उतरत होते, आणि प्रत्येक धपक्याला घरचीच माणसं टाळ्या वाजवत होती. पाहुणे गोंधळून गेले. ते मुकाट्यानं हलक्या हातानं खेळले आणि सडकून जिंकले.

"तुमच्याकडे हरल्यावर एवढा आनंद करतात?" पाहुण्यांच्या कप्तानानं विचारलं.

"आमचं दुखणं बरं झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्या विक्रेत्याकडे वळल्या. "तुम्ही या आता. गोळा या टोकाचा त्या टोकाला गेला. जरा जास्तच गेला." तो उठताना काहीतरी म्हणायला लागला, तशा त्या पुढे झुकल्या. "आणि ती उजवीकडची दाढ दाखवून घ्या कुणाला तरी."

सगळे हसत, बोलत चहाकडे वळले. मामंजी मात्र हिरवळीत उतरले होते. जिकडेतिकडे खेळणाऱ्यांची पावलं उमटलेली होती. मामंजी एका ठशाशी थांबले. दुसऱ्याशी थांबले. ठसे तसेच होते. एकही पातं उठून उभं राहिलं नव्हतं. त्यांनी वळून सुनेकडे बघितलं. विचारलं काही नाही, पण चेहरा असा झाला होता, की सूनबाईंना हसू आवरेना.

"काढा नळी," ती म्हणाली.

मामंजी धावलेच. पाणी सुरू झालं. जुन्या सवयीनं त्यांचा हात भरभर फिरायला लागला; तिनं तो धरून एका जागी थांबवला. पाणी पात्यांवरून उतरलं, मातीशी गेलं, आणि वर साचून न राहता दिसेनासं झालं.

"बास?"

"अजून."

"आता?"

"अजून, मामंजी. पोटभर म्हटलंय ना?"

लोक चहाचे कप घेऊन चराच्या कडेला येऊन बसले. पाहुणेही आले. ऊन तिरपं होऊन पाण्यातून झिरपत होतं, आणि मामंजी हात हातभर पुढे सरकत होते, निवांत, कुठलीच घाई नसल्यासारखे. पाहुण्यांच्या कप्तानाला मात्र परत नदी ओलांडायची होती. त्यानं दोनदा घड्याळ बघितलं.

"अजून किती वेळ चालणार हे?"

"पितंय हो ते," मामंजी म्हणाले. "पिऊ द्या." आणि नळी न हलवता त्यांनी पायानं एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली.